आलेख बघण्याआधी मुलाचा गाल चाचपा

मूल म्हणतं, कान दुखतो. कानाच्या डॉक्टरांनी बघितलं तर पडदा ठीक, मळ नाही, सर्दीचा मागमूस नाही. थेंब मिळतात, चार दिवस बरं वाटतं आणि मग भाकरी चावताना पुन्हा तीच तक्रार. कधी सकाळी उठल्या उठल्या कानशिलं ठणकतात, कधी जांभई देताना ‘कट्’ असा आवाज होऊन कळ येते. घरच्यांना वाटतं, अभ्यास टाळायची नाटकं आहेत. दहा-बारा वर्षांपुढच्या मुलांत, त्यातही वयात येणाऱ्या मुलींत, हे दुखणं आपण समजतो त्याहून बरंच जास्त आढळतं. ते कानात नसतं. कानाच्या अगदी पुढे जो जबड्याचा सांधा आहे त्यात, किंवा त्या सांध्याला हलवणाऱ्या स्नायूंत असतं.

अशा मुलांच्या आईवडिलांपुढे आता काही दवाखान्यांत एक तपासणी येऊ लागली आहे. गालावर आणि कानशिलावर चिकटपट्ट्या लावून जबड्याच्या स्नायूंतली वीज मोजायची, संगणकावर रंगीत रेघा उमटवायच्या आणि ‘बघा, उजवीकडचा स्नायू जास्त काम करतोय’ असं सांगायचं. हिला ईएमजी म्हणतात. तपासणी खोटी नाही, तिच्यामागे खरं शास्त्र आहे. पण तिला कोणता प्रश्न विचारता येतो आणि कोणता नाही, हे पालकांना ठाऊक असायलाच हवं. माझं कळकळीचं सांगणं दोन गोष्टींचं आहे. रेघा वाकड्या दिसल्या म्हणून मुलाचे दात घासून कमी करू देऊ नका. आणि रेघा सरळ दिसल्या म्हणून मुलाचं दुखणं खोटं ठरवू नका.

आधी स्वतःच्या चेहऱ्यावर एक गोष्ट करून बघा. दोन्ही कानांच्या भोकांपुढे एकेक बोट ठेवा आणि तोंड सावकाश उघडा, मिटा. बोटाखाली हाडाचं गोल टोक आधी फिरताना आणि मग पुढे सरकताना जाणवेल. गुडघा किंवा कोपर असं पुढे सरकत नाही. फिरणं आणि सरकणं ही दोन्ही कामं हा एक सांधा करतो. दोन हाडांमध्ये एक पातळ, चिवट चकती असते. ती जागची थोडी हलली की उघडता-मिटताना ‘कट्’ आवाज येतो. दुखत नसेल, जबडा अडकत नसेल, तर नुसत्या आवाजावर कुठलाही उपचार लागत नाही. आता बोटं गालांवर आणा आणि दात आवळा. बोटाखाली टणक फुगवटा आला तो चावण्याचा मुख्य स्नायू. कानशिलावर बोटं ठेवून पुन्हा आवळा, तिथेही पंख्यासारखा पसरलेला दुसरा स्नायू हलतो. आणखी दोन स्नायू आत खोलवर आहेत, ते बाहेरून असे हाताला लागत नाहीत. चिकटपट्टीची तपासणी मुख्यतः या वरच्या दोन जोड्यांची असते, एवढं इथे लक्षात ठेवा.

आता ती तपासणी कशी होते ते जवळून बघू, कारण मुलं तिला घाबरतात आणि घाबरण्यासारखं तिच्यात काही नाही. मुलाला पाठ टेकून सरळ बसवतात. गाल आणि कानशील स्पिरिटच्या बोळ्याने पुसतात, कारण तेल, घाम किंवा पावडर असेल तर वीज नीट पकडली जात नाही. मग दात आवळायला सांगून स्नायू चाचपतात आणि त्याच्या धाग्यांच्या दिशेने दोन-दोन छोटे इलेक्ट्रोड चिकटवतात. मानेवर किंवा कपाळावर आणखी एक. सुई नाही, एक्स-रे नाही, मुलाच्या अंगात कसलाही करंट सोडत नाहीत. स्नायू आकुंचन पावताना स्वतः जी वीज निर्माण करतो ती फक्त ऐकायची. ती मायक्रोव्होल्टमध्ये मोजतात, म्हणजे व्होल्टच्या दहा लाखाव्या भागात. निवांत बसलेल्या मुलाच्या गालात अशी दोन-चार मायक्रोव्होल्ट दिसतात, जोरात दात आवळले की आकडा शेकड्यांत जातो. आधी दाढांमध्ये कापसाच्या सुरळ्या ठेवून चावायला लावतात, मग नुसते दात आवळायला, मग डावी-उजवी बाजू ताडून बघतात. पाच-दहा मिनिटांचं काम.

पण तेवढ्यात काय काय होतं तेही बघा. मुलाला हसू आलं, रेघ उसळली. त्याने थुंकी गिळली, रेघ उसळली. डोकं आईकडे वळवलं, रेघ बदलली. ‘जोरात चाव’ म्हटल्यावर एक मूल जिवाच्या आकांताने चावतं, दुसरं दुखेल म्हणून अर्धवट चावतं. पट्टी अर्धा सेंटिमीटर वर-खाली लागली तरी आकडा बदलतो. गाल गुबगुबीत असेल तर स्नायू आणि पट्टी यांच्यामध्ये चरबीचा थर येतो आणि तोच स्नायू कमकुवत दिसतो. म्हणूनच जाणकार लोक कधी नुसत्या आकड्यावर बोलत नाहीत. ते त्याच मुलाच्या कापसावरच्या चावण्याशी बाकीचे आकडे ताडतात आणि तपासणी पुन्हा करून बघतात.

मुलांच्या बाबतीत याहून मोठी अडचण आहे, ती मोठ्यांसाठी लिहिलेल्या माहितीत सापडत नाही. सहाव्या वर्षाच्या सुमारास पहिली कायमची दाढ येते, बाराव्या-तेराव्यापर्यंत दुधाचे दात पडून नवे येत राहतात. या काळात तोंडात एका बाजूला दाढ हलत असते, दुसरीकडे अर्धी वर आलेली असते. मूल आपोआप एका बाजूने चावतं. अशा वयात डावा-उजवा फरक दिसणं अगदी स्वाभाविक आहे. पुढच्या महिन्यात ती दाढ पडली की फरकही बदलेल. त्या फरकाकडे बोट दाखवून ‘जबडा सरकला आहे’ असं कुणी सांगितलं तर लगेच मान डोलावू नका.

दुखणं आणि स्नायूंचं काम यांचं नातंही वाटतं तितकं सोपं नाही. दंतवैद्यकात ईएमजी आणण्याचं मोठं काम अमेरिकेतल्या रॉबर्ट मॉयर्स यांनी १९४९ साली केलं. वरचे दात पुढे असलेल्या रुग्णांच्या जबड्याचे स्नायू कसे आकुंचन पावतात, ते त्यांनी नोंदवलं. पुढे कित्येक वर्षं डॉक्टरांची समजूत अशी होती की स्नायू आखडतो म्हणून दुखतो, आणि दुखतो म्हणून आणखी आखडतो. ऐकायला पटतं. हे खरं असतं तर दुखणाऱ्या स्नायूत निवांत बसलेलं असतानाही भरपूर वीज दिसायला हवी होती. तशी ती खात्रीने दिसत नाही. १९९१ साली जेम्स लंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळी मांडणी केली: दुखायला लागलं की मेंदू त्या स्नायूचा जोर उलट कमी करतो, जबडा हळू आणि कमी हलवायला लावतो, म्हणजे इजा वाढू नये. ही मांडणीही सगळ्याच रुग्णांना जशीच्या तशी लागू पडत नाही. तरी जोरात दात आवळायला सांगितल्यावर दुखणाऱ्यांचा जोर कमी पडतो, हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे. म्हणजे आलेखावरची कमी उंचीची रेघ ही पुष्कळदा दुखण्याचा परिणाम असते. तिला दुखण्याचं कारण समजून तिच्यावर उपचार करायला निघालं की गाडी चुकीच्या दिशेने जाते.

संशोधनासाठी अशी मोजमापं फार मोलाची आहेत. दुखणाऱ्या मुलांचा गट आणि न दुखणाऱ्यांचा गट घेऊन सरासऱ्या ताडल्या की वेदना शरीराला कसं वळण लावते हे कळतं, आणि ते कळायलाच हवं. पण गटाची सरासरी एका मुलाला लावता येत नाही. सहावीच्या वर्गात मुलींची सरासरी उंची मुलांपेक्षा थोडी जास्त निघू शकते, म्हणून कुणाची नुसती उंची ऐकून तो मुलगा की मुलगी हे सांगता येईल का? दुखणाऱ्या आणि न दुखणाऱ्या मुलांचे आकडे असेच एकमेकांत मिसळलेले असतात. गॅरी क्लासर आणि जेफ्री ओकेसन या दोन तज्ज्ञांनी २००६ साली अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या नियतकालिकात या तपासणीवरच्या संशोधनाचा आढावा घेतला. जबड्याच्या दुखण्याचं निदान करायला आणि त्याचे उपचार ठरवायला हिचा उपयोग मर्यादित आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता.

मग निदान करायचं कशावर? मुलाच्या बोलण्यावर आणि डॉक्टरांच्या बोटांवर. २०१४ साली जगभरच्या तज्ज्ञांनी मिळून जबड्याच्या दुखण्याचे निकष प्रसिद्ध केले आणि पुढे मुलांसाठी व किशोरवयीनांसाठी ते जुळवून घेतले. त्यात स्नायूंच्या दुखण्याचं निदान करायला ईएमजीची अट नाही. गेल्या महिन्याभरात जबडा, कानशील, कानात किंवा कानापुढे दुखलं का, चावताना-बोलताना-जांभईने ते कमी-जास्त होतं का, हे विचारतात. मग गालाचा आणि कानशिलाचा स्नायू ठरावीक दाबाने, जागा बदलत बदलत चाचपतात, आणि दर वेळी मुलाला एक नेमका प्रश्न करतात: ‘हे दुखलं ते तुझं नेहमीचंच दुखणं का?’ या प्रश्नात सगळं निदान आहे. दाबलं की कुणालाही थोडं दुखेल, पण ‘हो, हेच ते’ असं मुलाने म्हटलं की डॉक्टरांना जागा सापडते. तुमच्या मुलाला कुणी असं शांतपणे तपासलं नसेल आणि थेट यंत्राला जोडलं असेल, तर आधी हात लावून तपासायची विनंती करा. त्यात संकोच कसला?

घरी तुम्ही एक साधी परीक्षा घेऊ शकता. मुलाला त्याच्याच हाताची मधली तीन बोटं एकावर एक, उभी, पुढच्या दातांमध्ये घालायला सांगा. दुखल्याशिवाय तिन्ही जात असतील तर तोंड साधारण पुरेसं उघडतंय. दोनच जात असतील, किंवा उघडताना हनुवटी एका बाजूला झुकत असेल, तर दाखवायला हवं.

काही मुलांना मात्र घरगुती उपायांत दिवस काढू देऊ नका. पहिलं, हनुवटीवरचा मार. झाडावरून, सायकलवरून किंवा जिन्यावरून मूल हनुवटीवर पडलं की आपण हनुवटीची जखम शिवून आणतो आणि मोकळे होतो. पण तो मार सरळ कानापुढच्या सांध्याला बसतो. तिथलं हाड मोडलेलं असलं तरी बाहेरून दिसत नाही, आणि मुलाचं तोंड हळूहळू कमी उघडू लागतं. वेळेत लक्ष गेलं नाही तर सांधा हाडाने जोडला जातो, तोंड उघडेनासं होतं, खालचा जबडा वाढत नाही, हनुवटी आत गेलेली दिसते, काही मुलांना झोपेत श्वासही नीट घेता येत नाही. मग मोठी शस्त्रक्रिया लागते. आपल्या देशात अशी मुलं अजूनही रुग्णालयांत येतात, आणि त्यातल्या पुष्कळांची सुरुवात अशाच एका पडण्यापासून झालेली असते. हनुवटीला टाके पडले असतील तर सांधाही तपासून घ्या, आणि पुढचे काही महिने मुलाचं तोंड किती उघडतं यावर नजर ठेवा. कान फुटून बरेच दिवस वाहत असेल आणि तोंड कमी उघडू लागलं असेल, तरीही असंच.

दुसरं, मुलांचा संधिवात. गुडघे-घोटे सकाळी आखडणाऱ्या मुलाचा जबड्याचा सांधाही आतून सुजू शकतो, आणि तो दुखतोच असं नाही. चेहऱ्याची एक बाजू कमी वाढतेय, हनुवटी सरकतेय असं वाटलं तर संधिवाताच्या डॉक्टरांना जबड्याबद्दल आवर्जून सांगा. तिथे एमआरआयचा उपयोग होतो, गालावरच्या पट्ट्यांचा नाही.

तिसरं सांगताना जीव तुटतो. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, पण गोड सुपारीच्या पुड्या मुलांच्या हातात अजून दिसतात. सुपारीने तोंडाची आतली कातडी पांढरी आणि ताठ होते, तिखट लागलं की आग होते आणि तोंड उघडणं कमी कमी होत जातं. हा आजार स्नायूंचा नाही, आणि त्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो. शाळकरी मुलाचं तोंड कमी उघडत असेल तर रागावून न विचारता, जवळ बसवून विचारा. आणि जखमेनंतर काही दिवसांनी जबडा एकदम घट्ट मिटू लागला, ताप, गिळायला त्रास असं काही असलं, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. धनुर्वाताची सुरुवातही अशी होते.

आता जंतांचं. मूल झोपेत करकर दात खातं म्हणजे पोटात जंत झाले, हे घरोघरी सांगितलं जातं. जंतांचं औषध मुलांना द्यायचं असतं ते द्याच, पण दात खाण्यावर तो उपाय नव्हे. लहान मुलांत झोपेत दात खाणं खूप दिसतं, वय वाढेल तसं बहुतेकांचं कमी होतं. झोपेत घोरणं, तोंडाने श्वास घेणं, अपुरी झोप, मनावरचा ताण यांचा त्याच्याशी संबंध असू शकतो; घोरत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. झोपेतलं दात खाणं नक्की किती हे ठरवायचं तर रात्रभर झोपेची तपासणी लागते आणि जबड्याचे स्नायू मोजणं हा तिचा भाग असतो. बहुतेक मुलांना तिची गरज पडत नाही.

दिवसा दात आवळून बसणाऱ्या मुलांना मात्र मदत करता येते, आणि इथे ईएमजीचा एक सुंदर उपयोग आहे. स्नायू आवळला की पडद्यावरची रेघ चढते, सैल सोडला की उतरते. मोठ्या मुलांना हे बघून आपला जबडा सैल सोडायला शिकता येतं. मूल स्वतः रेघ खाली आणतं, तेव्हा यंत्र त्याच्या कामाचं होतं. यंत्र नसेल तरी शिकवता येतं: ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ सैल. दिवसभरात खाताना आणि गिळताना सोडून दात एकमेकांना लागायचं कारणच नसतं. अभ्यासाच्या टेबलावर, दप्तरावर एखादी रंगीत टिकली लावा. ती दिसली की मुलाने जबडा सैल सोडायचा. दहावीच्या वर्षात तर हे सगळ्यांनाच शिकवावं.

दुखणं ताजं असेल तेव्हा दोन-तीन आठवडे खाणं मऊ ठेवा: वरणभात, खिचडी, दुधात कुस्करलेली भाकरी. ऊस, चिक्की, च्युइंगम, बर्फ, पेनाचं टोपण चावणं बंद. वडापाव तुकडे करून खायचा, पाणीपुरीला थोडे दिवस सुट्टी. कोमट ओल्या कापडाने दहा-पंधरा मिनिटं गाल शेकायचा, पोळणार नाही हे आपल्या हातावर आधी बघून. जांभई येताना हनुवटीखाली मूठ धरायची. वेदनाशामक डॉक्टरांना विचारून आणि मुलाच्या वजनाप्रमाणे. अ‍ॅस्पिरिन मुलांना देऊ नका. जबडा हलवायचाच नाही असं मात्र करू नका, दुखणार नाही इतपत उघड-मीट चालू ठेवायची. बहुतेक मुलांना एवढ्यानेच उतार पडतो. शाळेत कुणी छळतंय का, झोप किती होते, घरात कसला ताण आहे का, हेही त्याच आस्थेने बघा. अशा गोष्टींनी जबडेदुखी वाढते, लांबते, आणि म्हणून ती खोटी ठरत नाही.

मोठ्यांच्या जुनाट जबडेदुखीवर ब्रिटिश मेडिकल जर्नलने २०२३ साली मार्गदर्शक सूचना छापल्या. त्यात व्यायाम, हाताने केलेले उपचार, मनाला वेदनेशी जुळवून घ्यायला शिकवणारं समुपदेशन यांना पसंती आहे. दातांची ठेवण कायमची बदलणाऱ्या प्लेट आणि सांध्यातली चकती काढण्याची शस्त्रक्रिया यांच्या विरोधात स्पष्ट सल्ला आहे. मोठ्यांना जे करू नये म्हणतात, ते वाढत्या जबड्याच्या मुलाला करायची घाई कशासाठी? वेदना थांबवण्यासाठी दात घासून कमी करणं, चांगल्या दाढांवर कॅप बसवणं, आलेख सरळ करण्यासाठी तारा लावणं, हे मागे घेता येत नाही. वेडेवाकडे दात नीट करायला तारा जरूर लावा, पण जबड्याचं दुखणं त्यांनी जाईल या आशेवर नको. झोपताना घालायची साधी प्लेट काही मुलांना उपयोगी पडते. दात पडायच्या-यायच्या वयात ती वरचेवर तपासून बदलावी लागते.

कुणी ईएमजी सुचवली तर रागावू नका, नाकारूही नका. विचारा: या तपासणीने उपचारात काय बदलणार आहे? आकडा चांगला आला तर तुम्ही काय कराल, वाईट आला तर काय कराल? दोन्हींचं उत्तर एकच असेल तर पैसे वाचवा. एकाच मुलाच्या उपचारांआधीची आणि नंतरची नोंद ठेवायची आहे, जबडा सैल सोडायला शिकवायचं आहे किंवा संशोधनात सहभागी व्हायचं आहे, असं कारण असेल तर खुशाल करा; संशोधनात मुलाची स्वतःची तयारीही विचारली जायला हवी.

दुसरं मत हवं असेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, मुंबईत नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय आहे, गोव्यात बांबोळीला आहे. तिथे लहान मुलांच्या दातांचा विभाग आणि मुखरोग निदानाचा विभाग विचारा. जाताना एका वहीत आठवडाभराची नोंद न्या: कधी दुखलं, काय खाताना, किती वेळ, झोप किती झाली. कधी पडलं-झडलं असेल तर तेही लिहा, वर्षापूर्वीचं असलं तरी. आणि डॉक्टरांनी प्रश्न विचारला की आधी मुलाला बोलू द्या; त्याचं राहिलं ते तुम्ही नंतर सांगा.